दुसरी किल्ली

कुलूपदादांना कुणी विचारलं, "काय हो, बहिणीकडे कधी जाणार?" की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. हातातली कानस खाली न ठेवता ते म्हणायचे, "मी कशाला जाऊ? तिलाच आणणार आहे इकडे. ते काय माणसांनी राहायचं शहर आहे?" आणि मग त्या शहराची अशी काही चिरफाड करायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं दादा कालच तिथून कपडे झटकत परत आलेत. कारखाने बंद, दुकानं बंद, रस्त्यावरचे दिवे फुटलेले, दिवसाढवळ्या गळ्यातलं ओढून नेतात, रिकाम्या घरांतून वायरीसुद्धा उपटून नेतात. सगळं वर्तमानपत्रातलं आणि गिऱ्हाइकांच्या तोंडचं. स्वतः दादांनी त्या शहरात पाऊल ठेवलं नव्हतं.

दादांचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली बोळकांडी. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. भिंतीभर खिळे, आणि खिळ्याखिळ्याला किल्ल्या. गावातल्या निम्म्या घरांची कुलपं त्यांच्या हातची, आणि उरलेल्या निम्म्यांना आज ना उद्या आपल्याकडेच यावं लागणार याची त्यांना खात्री. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण कुलपाचा विषय निघाला की भयंकर हट्टी. कुणी नुसत्या कडीवर भागवतो म्हटलं की डोकं फिरायचं त्यांचं. "ती कडी चोरासाठी आहे की वाऱ्यासाठी?" असं विचारून समोरच्याला गप्प करायचे. किल्लीच्या बाबतीत तर त्याहून कडक. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवणाऱ्या माणसाला ते अक्षरशः वेड्यात काढायचे. किल्ली एक तर घरातल्या माणसाकडे, नाहीतर रक्ताच्या नात्यात. बस्स. यावर चर्चा नाही.

आणि रक्ताचं म्हणावं असं त्यांना एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे ताई. आई गेली तेव्हा दादा इतके लहान होते की त्यांना आईचा चेहरासुद्धा आठवत नाही, ताईचाच आठवतो. तिनंच त्यांना न्हाऊ घातलं, जेवू घातलं, शाळेत नापास झाले तेव्हा वडिलांच्या माराच्या आड ती उभी राहिली. "धाकट्याला पुस्तकं नाही जमत, त्याला हात चालवू द्या," हे वडिलांना सांगून त्यांना कुलूपवाल्याकडे शिकायला ठेवणारीही तीच. मग तिचं लग्न झालं आणि ती त्या शहरात गेली. तेव्हा त्या शहराचा काय थाट होता! दाजी मोठ्या कारखान्यात यंत्रावर होते, आणि गावातली पोरं तिथं जायला मिळावं म्हणून जीव टाकायची. पुढे कारखाने एकेक करून बंद पडले, माणसं बिऱ्हाडं उचलून निघून गेली. ताई आणि दाजी मात्र तिथंच राहिले.

ताईचा फोन यायचा तो एकाच वाक्यानं संपायचा. "धाकट्या, ये रे एकदा. शहर बघ माझं."

"येतो, येतो. जरा थंडी सरू दे."

थंडी सरायची, ऊन सरायचं, दादा काही हलायचे नाहीत. तीच आपली वर्षाआड धाकट्याला भेटायला यायची, हातात एवढी मोठी पिशवी घेऊन. तिची गुडघेदुखी सुरू झाल्यावर तेही बंद झालं. दाजी आजारी पडून आठवडाभरात गेले, तेव्हा तर दादांनी कहर केला. त्या आठवड्यात शहरात काहीतरी जाळपोळ झाल्याची बातमी होती. दादांनी फोनवर सांगितलं की गाड्याच बंद आहेत, कसा येऊ. गाड्या चालू होत्या. ताईला ते ठाऊक नसेल असं थोडंच आहे? पण ती एवढंच म्हणाली, "असू दे. जिवाला जप." ही गोष्ट दादांनी बायकोलाही कधी सांगितली नाही. ती त्यांना आतून कुरतडत राहिली.

शेवटी ते निघाले, ते असे. एकदा बोलता बोलता ताईच्या तोंडून निसटलं, की बाजारात तिला चक्कर आली आणि कुणीतरी हाताला धरून घरी आणून सोडलं. दादांनी फोन ठेवला आणि दुकानाची फळी ओढली.

"मी जातो," ते बायकोला म्हणाले. "जातो आणि तिला घेऊनच येतो. समोरची खोली आवरून ठेव."

"अगंबाई! आज सूर्य कुठून उगवला?" बायको म्हणाली. पण बोलता बोलता तिनं सुई-दोरा काढला आणि सदऱ्याला आतून एक चोरखिसा शिवून दिला. "यात हात घालून बसू नका म्हणजे झालं. नाहीतर चोराला पत्ता दिल्यासारखं व्हायचं. आणि वन्संना सांगा, मी वाट बघतेय म्हणून."

गाडीत दादा रस्ताभर एकच वाक्य घोकत होते. "ताई, आता माझ्याकडे चल." कुठल्या शब्दावर जोर द्यावा, आधी चहा होऊ द्यावा की उंबरठ्यातच बोलून टाकावं, सगळा विचार करून झाला. मांडीवर पिशवी होती. पिशवीत बायकोनं दिलेला खाऊ, थोडी हत्यारं, आणि तळाशी कापडात गुंडाळलेलं एक कुलूप. स्वतःच्या हातानं बनवलेलं, दुकानातलं सगळ्यात भारी. ताई सामान आवरून खोली बंद करेल तेव्हा लावायला. दार ओढलं की आपोआप लागणारं, आणि किल्लीवाचून बाहेरून कुणाच्या बापाला न उघडणारं.

शहरात उतरून ते बसमध्ये बसले आणि तिथंच त्यांची फजिती झाली. बायकोनं बजावूनही हात सारखा त्या चोरखिशाकडे जायचा. बस वळली की हात छातीवर, कुणी शेजारी येऊन बसलं की हात छातीवर. समोरची एक म्हातारी बराच वेळ बघत होती. ती एकदम उठून ओरडली, "अहो गाडी थांबवा! यांच्या छातीत दुखतंय!" झालं! ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, एकानं पाणी पुढे केलं, दुसऱ्यानं सदऱ्याची वरची बटणं सोडायला घेतली, आणि दादा दोन्ही हातांनी सदरा गच्च धरून "काही नाही हो, काही नाही!" म्हणून केविलवाणे ओरडतायत. जितकं ओरडावं तितकी लोकांची खात्री पटतेय. म्हातारी त्यांना ताईच्या इमारतीच्या दारापर्यंत सोडायला आली. ताईला हे कळलं तेव्हा ती हसून हसून पायरीवरच बसली.

"माझ्या शहरानं तुला पहिल्याच दिवशी लुटलं की रे!" ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसता पुसता त्यांच्या तोंडावरून हात फिरवू लागली. मग ते पुसणं हसण्याचं राहिलं नाही.

रस्ता मात्र बातम्यांत होता तसाच होता, यात खोटं नाही. ओळीनं बंद शटर, त्यांवर गंज चढलेला. शाळेच्या खिडकीतून झाड बाहेर आलेलं. ताईची इमारत चार मजल्यांची, पण माणसं उरली होती चारच. लिफ्ट कधीची बंद, तिच्यात कुणीतरी कुंड्या ठेवल्या होत्या. तळाला बेकरीवाला, त्याच्या वर नर्सबाई, तिच्या वर ताई, आणि सगळ्यात वर पेंटरकाका, म्हणजे जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेले एक म्हातारबाबा. बाकी सगळ्या खोल्या रिकाम्या.

दादांची नजर पहिल्यांदा कुठं गेली असेल? दारावर! ताईच्या दाराला कुलूप नव्हतं. आतून एक साधा लाकडी खटका होता, त्याला दोरी बांधलेली, आणि ती दोरी दाराला पाडलेल्या भोकातून बाहेर लोंबत होती. कुणीही यावं, दोरी ओढावी, खटका वर, दार उघडं. दादांना घेरी यायचीच बाकी राहिली.

"ताई, हे काय आहे?"

"दार आहे. शहरातली दारं कधी पाहिली नाहीस का?"

"ही दोरी बाहेर कशी?"

"बाहेरच्यांना ओढता यावी म्हणून. आता तू आत ये बघू."

त्या दोरीचं प्रकरण दादांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. ते अंथरुणात आहेत तोवर दार धाडकन उघडलं आणि एक उंचेली बाई आत डोकावून म्हणाली, "आहात का अजून?" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आहे, आहे! चहा घेऊन जा." दादा पांघरूण गळ्यापर्यंत ओढून बसलेले. ती नर्सबाई. चहाचा घोट घेऊन ती कामाला गेली, आणि मग ताई गुडघे धरत एक मजला चढून पेंटरकाकांची दोरी ओढून आली. "आहात का?" "आहे बुवा, अजून कुणी नेलं नाही!" असा वरून आवाज. बेकरीवाला पहाटे उठणारा, तो नर्सबाईची दोरी ओढायचा, आणि पेंटरकाका पाव न्यायला खाली उतरले की बेकरीवाल्याचं दार ठोठावायचे. एकटी राहणारी चार माणसं. इमारतीत कुणी एक म्हातारा कधीतरी बंद दाराआड पडून राहिला होता, दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून त्यांनी कुलपं काढून टाकली होती.

"चोर आला तर?" दादांनी विचारलं.

"येऊ दे की. माझ्याकडून नेईल काय? गुडघे?" ताई म्हणाली.

पुढचे दिवस ताईनं त्यांना शहर दाखवलं. हळूहळू चालायची, बसायची, पुन्हा चालायची, पण दाखवायचा उत्साह कसा, तर नवं घर दाखवावं तसा. दाजींचा कारखाना दाखवला. आता तिथं छप्पर नव्हतं आणि आतल्या मोकळ्या जागेत आसपासच्या बायकांनी टोमॅटो आणि वांगी लावली होती. ताईचाही एक वाफा होता. तिनं त्यातला एक टोमॅटो तोडून पदराला पुसून त्यांना दिला. दाजींचं यंत्र नेमकं इथंच होतं म्हणाली. वाचनालय दाखवलं, उंच छताचं, थंडगार, आठवड्यातून काही दिवसच उघडणारं. पेंटरकाकांनी रंगवलेल्या पाट्या दाखवल्या, दुकानं मेली तरी अक्षरं अजून झळझळीत. रस्त्यात जो भेटेल तो तिला थांबवायचा. "हाच का तो धाकटा?" असं प्रत्येकजण विचारायचा. दादांच्या लहानपणीच्या सगळ्या भानगडी त्या गल्लीला तोंडपाठ होत्या. ज्या माणसांची नावंही दादांनी कधी विचारली नव्हती, ती माणसं त्यांची वर्षानुवर्षं वाट बघत होती.

दादांना ते शहर आवडलं. त्यांना स्वतःलाच ते पटेना. संध्याकाळी पायरीवर बसून नर्सबाईच्या तोंडून दवाखान्यातले किस्से ऐकताना त्यांच्या मनात आलं, दाजी असताना यायला हवं होतं. दाजी इथंच बसत असतील. आणि ते पाणी प्यायचं निमित्त करून उठले.

ते घोकलेलं वाक्य शेवटी चहावर बाहेर पडलं. "ताई, आता माझ्याकडे चल."

ताईनं कप खाली ठेवला. "कशाला रे?"

"कशाला म्हणजे? तुला चक्कर येते. वय झालंय."

"मग? तुझ्याकडे काय चक्कर येत नाही?" मग तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे बघ. तुझ्याकडे मी येईन, तू दुकानात जाशील, तुझी बायको तिच्या कामाला. मी खिडकीत बसेन. इथं मी सकाळी चढून गेले नाही तर पेंटरकाका जिवंत आहेत की नाहीत हे कळायचं नाही कुणाला. मला काम आहे रे इथं. तूच येत जा की अधूनमधून."

दादा रुसले. हो, रुसलेच! एवढा मोठा माणूस, पण ताईपुढं तो धाकटाच. दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत. रुसवा काढायला म्हणून इमारतीतल्या सगळ्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या दुरुस्त केल्या, बेकरीवाल्याचं शटर तेल घालून हलकं केलं. आणि हात चालू असतानाच त्यांच्या मनानं घेतलं, की ताई येत नाही तर नाही, पण तिला अशा दोरीवर टाकून मी जाणार नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर लोक काय म्हणतील? भाऊ कुलपं करतो आणि बहिणीच्या दाराला सुतळी!

निघायच्या दिवशी ताई वाफ्याला पाणी घालायला गेली आणि दादांनी कापडातलं कुलूप बाहेर काढलं. मन लावून काम केलं त्यांनी. दार रंध्यानं साफ केलं, दोरीच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकून ते बुजवलं, बिजागऱ्या उपटता येऊ नयेत म्हणून त्यांना आतून पट्ट्या मारल्या, चौकटीला भंगारातून आणलेला लोखंडी पत्रा बसवला. जन्मात इतकं सुबक काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. ताई परत आली, दाराकडे बघत उभी राहिली.

"धाकट्या, हे काढ."

"ताई, मी शांतपणे झोपावं असं तुला वाटतं की नाही? इतक्या वर्षांत मी तुझ्यासाठी काही केलं नाही. एवढं तरी राहू दे."

तिनं त्या बुजवलेल्या भोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरं. तुझ्या समाधानासाठी. पण एक किल्ली नर्सबाईकडे ठेवते मी."

"छे छे! किल्ली घराबाहेर द्यायची तर कुलूप कशाला?" दादा उसळले. "एक तुझ्याजवळ ठेव. दुसरी माझ्याजवळ. मी तुझा भाऊ आहे ना?"

ताई त्यांच्याकडे बघून हसली. लहानपणी ते काहीतरी वेडंवाकडं करून "बघ, कसं केलं!" म्हणायचे, तेव्हा हसायची तशी. तिनं त्यांचं मन मोडलं नाही. मोडायला हवं होतं. दादा आजही म्हणतात, त्या दिवशी तिनं माझ्या कानाखाली दोन वाजवायला हव्या होत्या.

ते घरी आले आणि दुसरी किल्ली दुकानात समोरच्या खिळ्याला लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. "ताईच्या दाराची. मीच बसवलंय." शहराबद्दलही आता बरं बोलायला लागले होते. माणसं लाखमोलाची आहेत हो, म्हणायचे. पुढच्या खेपेला बायकोला घेऊन जायचं, असंही ठरलं होतं.

मग एका संध्याकाळी नर्सबाईचा फोन आला. आवाज चढलेला.

"दादा, ताई गावाला आल्यात का तुमच्याकडे?"

"नाही. का?"

"दार उघडत नाहीत. सकाळी मी वाजवलं, आतून काही आवाज नाही. मला वाटलं कुलूप लागलंय, म्हणजे बाहेर गेल्या असतील. हल्ली कळतच नाही ना बाहेरून! मी कामाला निघून गेले. आत्ता आले तर पेंटरकाका जिन्यात बसलेत, म्हणतात, आज सकाळी माझ्याकडे कुणी आलंच नाही. दादा, दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

दादा दुकानात बसले होते. किल्ली समोर खिळ्याला होती.

"दादा? किल्ली कुठंय?"

"माझ्याकडे," ते म्हणाले.

पलीकडे ती जिन्यातूनच बेकरीवाल्याला हाक मारू लागली. मग फोन बेकरीवाल्यानं घेतला. "दार तोडतो. कुठून तोडू ते सांगा."

आणि मग कुलूपदादांनी आपल्याच हातचं काम कसं फोडायचं ते फोनवर सांगायला घेतलं. कुलपावर पहार मारून उपयोग नाही, आत पोलादी पट्टी आहे. बिजागऱ्यांकडून नको, तिथं मी आतून पट्ट्या मारल्यात. चौकटीत पहार घाल. नाही जात? तिथं पत्रा आहे, मीच मारलाय. पलीकडून ठोकण्याचा आवाज येत होता, नर्सबाईच्या हाकांचा आवाज येत होता, आणि दादा बोळकांडीत उभे राहून ओरडत होते, "मार, जोरात मार! तुटलं पाहिजे ते!" रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. शेवटी बेकरीवाल्यानं दार सोडलं आणि शेजारची भिंत फोडायला घेतली. विटा जुन्या होत्या म्हणून बरं.

ताई चुलीपाशी जमिनीवर होती. पहाटे कधीतरी उजवी बाजू गेली होती आणि ती पडली होती. शुद्धीवर होती. सकाळी नर्सबाईनं दार वाजवलं ते तिनं ऐकलं होतं, पण तोंडून शब्द फुटत नव्हता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर हात नक्की वाचला असता, बोलणंही वाचलं असतं कदाचित. डॉक्टरांना काय ठाऊक, ऐकणारा माणूस कोण आहे ते! मिळेल ती गाडी पकडून आलेले दादा भिंतीला टेकून उभे होते. नर्सबाई त्यांच्यावर ओरडली नाही. तिलाच रडू फुटलं. "मी दार वाजवून निघून गेले हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. दोरी असती तर ती आत आली असती. हे तिलाही ठाऊक होतं आणि दादांनाही.

समोरची खोली आवरलेलीच होती. ताईला तिथं आणलं. वहिनी-नणंदेचं पहिल्यापासून गूळपीठ, तेव्हा सेवेत काही कमी पडलं नाही. बायको तिला भरवायची, केस विंचरायची, गल्लीतल्या बित्तंबातम्या सांगायची. ताईचा हात गेला तो गेलाच. बोलणं मात्र हळूहळू परत आलं, तुटक, एका शब्दाला धरून दुसरा शब्द. दादा तिच्या समोर यायचे, पाय चेपायचे, आणि दुकानात निघून जायचे. नव्या कुलपांची कामं त्यांनी घेणं सोडलं होतं. जुनी दुरुस्त करून द्यायचे तेवढी.

एका दुपारी बायको बाहेर गेली होती. दादा ताईला चमच्यानं चहा पाजत होते. चमचा मध्येच थांबला.

"ताई, मी तुझं वाटोळं केलं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "कुलपाचं... म्हणतोस? कुलूप तू... मायेनं लावलंस. त्याचा... राग नाही." तिला दम लागला. दादांनी तिचं तोंड पुसलं. "पण तू... आला नाहीस रे. इतकी वर्षं. दाजी... शेवटी सुद्धा... विचारत होते. धाकटा येतोय का. मी म्हटलं... गाड्या बंद आहेत."

दादांच्या हातातला चमचा बशीत पडला. ते तिच्या पांघरुणात तोंड खुपसून लहान पोरासारखे रडले. तिनं डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"आधी आला असतास... तर तुला कळलं असतं... तिथं कसं राहतात," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मला... परत नेशील ना? जरा बरं... वाटलं की?"

आता काय सांगायचं? आदल्याच आठवड्यात नर्सबाईचा फोन आला होता. त्या प्रकारानंतर पेंटरकाकांच्या मुलीनं धास्ती घेतली आणि म्हाताऱ्याला उचलून स्वतःकडे नेलं. वरचं माणूस गेलं, मधलं गेलं, तेव्हा बेकरीवाल्याचंही मन उडालं. मालकानं इमारत बंद करायला काढली होती आणि नर्सबाई खोली शोधत होती. हे दादांनी ताईपासून लपवून ठेवलं होतं. पण गाड्या बंद आहेत म्हणून एकदा सांगितलेलं त्यांना पुरलं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही.

ताईनं ऐकलं. ती रडली नाही. तिनं खिडकीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"मग मी आता... कुठं जाऊ रे, धाकट्या?" ती म्हणाली.

"माझ्याकडे," एवढंच तर म्हणायचं होतं. तेच म्हणायला ते तिच्याकडे गेले होते. दादांनी तोंड उघडलं, पण त्यांना ते म्हणता आलं नाही.